मोटार, पेट्रोल आणि घरचे नाक

संपादकांचे पत्र आले. ‘वर्षभर या सदरात तुम्ही गळके नळ, कुरकुरणारी दारे आणि उडालेले फ्यूज यांचे पुराण सांगत आलात, निदान दिवाळी अंकात तरी काही खुसखुशीत येऊ द्या.’ आता खुसखुशीतपणा हा चकलीचा गुण, आणि चकल्यांचे खाते आमच्या घरी माझ्याकडे नाही. माझ्याकडे पाना, पक्कड आणि हातोडी एवढीच आयुधे. तरीही सणाचा मान राखून विषय निवडला आहे तो वासाचा. दिवाळी तशी डोळ्यांआधी नाकालाच कळते. उटण्याचा वास, तळणाचा वास, नव्या कापडाचा वास, पहाटेच्या फटाक्यांच्या दारूचा वास. गेल्या दिवाळीत आमच्या घरी या यादीत आणखी एका वासाची भर पडली. पेट्रोलच्या.

आमची मोटार जुनी आहे. किती जुनी ते विचारू नये. कार्ब्युरेटरच्या जमान्यातली, एवढे सांगितले म्हणजे जाणत्यांना कळेल. सकाळी चोक ओढून, दोनदा पाय दाबून, गोडीगुलाबीने तिला उठवावे लागते. ती कोणत्या कंपनीची तेही सांगत नाही, कारण या हकिगतीत कंपनीचा काडीइतकाही दोष नाही. माणसासारखेच रबरालाही वय असते, आणि ते झाले होते. दोष होता तो मालकाचा.

गोष्ट सुरू झाली नवरात्रात. देवीच्या दर्शनाला निघालो होतो. सौ. शेजारी बसली, दोन मिनिटांनी तिने पदर नाकाला लावला आणि म्हणाली, “अहो, गाडीत पेट्रोलचा वास येतोय.”

मी म्हणालो, “मोटारीत पेट्रोलचा नाही, तर काय निशिगंधाचा वास येणार?”

वाचकहो, हे उत्तर मला इतके आवडले की दुसऱ्या दिवशी मी ते दोघा मित्रांनाही ऐकवले. पुढच्या तीन आठवड्यांत तिने तीच तक्रार आणखी तीनदा केली, आणि तिन्ही वेळा मी निशिगंधच पुढे केला. शेवटी ती बोलायची थांबली. मला वाटले, पटले असावे. लग्नाला इतकी वर्षे झाल्यावर तरी बायको गप्प बसली म्हणजे तिला पटले, हा समज पुरुषाने सोडायला हवा होता.

मला वास येत नव्हता हे मात्र खरे. त्यात लबाडी नव्हती. नाकाची रीतच अशी आहे की एकच वास त्याला काही मिनिटे सतत मिळाला तर ते त्याची दखल घेणे सोडून देते. मासळीबाजारात बसणाऱ्या बाईला मासळीचा वास येत नाही, तो याच कारणाने. मी रोज गाडीत बसणारा, सौ. आठवड्यातून एकदा. म्हणजे या खटल्यात खरा साक्षीदार तीच होती, आणि मी तिचीच साक्ष उडवून लावत होतो.

मध्यंतरी शेजाऱ्यांनी उपाय सुचवले. एकाने अर्धे लिंबू ठेवायला सांगितले, दुसऱ्याने कॉफीची पूड, तिसऱ्याने आरशाला टांगायची अत्तराची कुपी. मी कुपी टांगली. आता गाडीत पेट्रोल आणि गुलाब यांचा मिश्र वास येऊ लागला. वासावर अत्तर शिंपडणे म्हणजे ताप आलेल्या मुलाचा थर्मामीटर फोडण्यासारखे आहे, हे तेव्हा माझ्या डोक्यात आले नाही.

वसुबारसेचा दिवस उजाडला. भाऊबीजेला नाशिकला बहिणीकडे जायचे होते, म्हणून दुपारीच जाऊन टाकी अगदी काठोकाठ भरून आणली. पंपावरच्या मुलाने “बस?” म्हणून विचारले, तर मीच “अजून मावते बघ” म्हणालो. गाडी आणून इमारतीखाली, खांबांमधल्या आमच्या जागेत लावली. ऑक्टोबरचे ऊन तुम्हाला ठाऊकच आहे.

संध्याकाळी खाली मुलांची लगबग सुरू झाली. कुणी रांगोळी काढीत होते, कुणी आकाशकंदिलाची वायर सोडवीत होते. रांगोळीच्या कडेने पणत्या लावल्या होत्या. मी जिन्यात उभा राहून कौतुक पाहात होतो. इतक्यात दुसऱ्या मजल्यावरची सहा वर्षांची छकुली माझा सदरा ओढून म्हणाली, “आजोबा, तुमची गाडी शू करतेय.”

मोठी माणसे हसली. मीही हसायला तोंड उघडले आणि तसाच राहिलो. मागच्या चाकाजवळ फरशीवर ताटाएवढा ओला डाग होता, आणि वरून थेंब पडत होता. थेंब. मग पुन्हा थेंब. सर्वांत जवळची पणती तिथून फार तर चार हातांवर होती. छकुलीच्या दुसऱ्या हातात न पेटवलेली फुलबाजी होती.

पेट्रोलविषयी एक गोष्ट पुस्तकातून माहीत असणे वेगळे आणि ती चार हातांवर दिसणे वेगळे. पेट्रोल पातळ स्वरूपात जळत नाही, त्याची वाफ जळते. आणि ही वाफ उणे ४० अंशांच्या आसपासच्या थंडीतही पेट घेण्याइतकी तयार होते, मग मुंबईच्या उकाड्याची काय कथा. ही वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड. ती वर उडून जात नाही, जमिनीलगत पाण्यासारखी पसरते, खळग्यात साचते. हवेच्या शंभर भागांत तिचे सुमारे दीड भाग झाले की एका ठिणगीचे काम. आणि आपली दिवाळीची पणती कुठे असते? जमिनीवरच.

मी ओरडलो तो आवाज माझाच होता यावर माझा विश्वास बसेना. आधी मुले कंपाउंडच्या बाहेर काढली. छकुलीच्या हातातली फुलबाजी काढून घेतली, तशी ती रडू लागली. आमच्या सोसायटीत आग विझवण्यासाठी वाळूच्या लाल बादल्या आहेत. आजवर त्यांचा उपयोग पानाच्या पिचकाऱ्यांसाठीच होत आला होता. वॉचमनने त्यांतल्या वाळूने लांबच्या पणतीपासून जवळच्या पणतीपर्यंत एकेक विझवीत आणली आणि उरलेल्या दोन बादल्या ओल्या डागावर रित्या केल्या.

मग सल्लागार जमले. एकजण म्हणाला, “गाडी चालू करून बाहेर घ्या.” किल्ली माझ्या हातातच होती, आणि खरे सांगतो, मी दाराकडे एक पाऊल टाकलेही होते. स्टार्टर फिरताना ठिणगी उडते हे ऐन वेळी आठवले. दुसरा पाण्याचा पाईप घेऊन आला. त्याला आवरले, कारण पेट्रोल पाण्यावर तरंगते आणि पाण्याबरोबर दूरवर जाते. तिसरा तोंडात सिगारेट धरून ‘काय झाले’ म्हणून चौकशीला येत होता. त्याच्याशी मी ज्या भाषेत बोललो ती दिवाळी अंकात छापण्याजोगी नाही. अखेर दार उघडून गिअर काढला आणि चौघांनी ढकलत गाडी फाटकाजवळच्या उघड्या जागेत नेली. पातळी थोडी उतरल्यावर थेंब थांबले. रात्रभर मी आणि वॉचमन आळीपाळीने बसलो.

सौ. एकदा खाली आली. तिने चहाचा थर्मास ठेवला, गाडीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि वर गेली. एक शब्द बोलली नाही. वाचकहो, बोलणे खाल्ले असते तर बरे वाटले असते.

धनत्रयोदशीच्या सकाळी मिस्त्री आले. पांढरी दाढी, कपाळावर चष्मा. आल्या आल्या बॉनेट उघडतील असे मला वाटले होते. ते तर वॉचमनच्या स्टुलावर बसले आणि वैद्यासारखे विचारू लागले.

“वास केव्हा येतो, साहेब?”

“केव्हाही येतो,” मी म्हणालो.

“केव्हाही असं काही नसतं. ताप केव्हा चढतो ते सांगितल्याशिवाय डॉक्टर गोळी देत नाही.” आणि त्यांनी बोटांवर हिशेब मांडला. थंड गाडी सकाळी सुरू करताना क्षणभर वास आला आणि गेला, तर चोकचे जास्तीचे पेट्रोल. फार चिंता नाही. गाडी चालताना सतत येत असेल, तर इंजिनाकडची रबरी नळी, तिची क्लिप किंवा पेट्रोल पंप. गाडी थांबवून इंजिन बंद केल्यावर येत असेल, तर तापलेल्या इंजिनावर कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोलची वाफ होते. थोडीशी झाली तर जुन्या गाडीचा स्वभावच तो, पण कार्ब्युरेटर बाहेरून ओला दिसला तर आतल्या फ्लोटची सुई नीट बसत नाही असे समजावे. वाऱ्याचा पंखा लावला की येत असेल, तरी दुखणे बॉनेटखालीच, कारण आतली हवा काचेखालच्या जाळीतून, बॉनेटच्या कडेनेच येते. इंजिनाच्या ऑईलची पट्टी काढून हुंगावी. तिला पेट्रोलचा वास असेल आणि ऑईल वाढलेले दिसेल, तर पंपाचा पडदा फाटून पेट्रोल ऑईलमध्ये उतरते आहे. अशी गाडी चालवूच नये, इंजिन खाते. आणि डिकीचे झाकण नीट न लावता चालवताना वास येत असेल, तर तो धुराचा. “त्याला सगळ्यांत भ्यायचं, साहेब. धुरातल्या ज्या वायूनं माणूस मरतो त्याला वासच नसतो.”

“आणि पेट्रोल भरल्यावर येत असेल तर?”

हा प्रश्न मी विचारला नव्हता. वरून, गॅलरीतून आला होता. सौ. तुळशीला पाणी घालीत होती.

“पेट्रोल भरून आणलं की दोन दिवस वास असतो,” ती म्हणाली. “मागच्या बाजूला जास्त. मग उतरतो. टाकी अर्धी झाली की अजिबात नसतो. नवरात्रातही भरल्याच्या दुसऱ्या दिवशीच आला होता.”

मिस्त्रींनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. “साहेब,” ते म्हणाले, “वहिनींना आधी विचारलं असतंत, तर मला नुसतं सामान घेऊन यायला सांगता आलं असतं.”

टाकी भरलेली असतानाच वास येतो आणि पातळी उतरली की जातो, याचा अर्थ गळती टाकीच्या वरच्या अंगाला. तिथे संशयित तीनच: टाकीचे झाकण, काटा दाखवणाऱ्या यंत्राखालचे गॅस्केट, आणि ज्या तोंडातून आपण पेट्रोल भरतो ते तोंड टाकीला जोडणारी जाड रबरी नळी. मिस्त्रींनी झाकण आणि गॅस्केट तपासले, कोरडे. मग त्यांनी मला वरून चेहऱ्याला लावायची पावडर आणायला सांगितली. ती त्यांनी नळीवर आणि दोन्ही क्लिपांवर भुरभुरवली, आणि आम्ही वाट पाहात बसलो. पांढऱ्या पावडरीवर ओल लपत नाही. दहा मिनिटांत नळीच्या खालच्या बाजूला, क्लिपेच्या अगदी कडेला, एक मळकट रेघ उमटली.

उन्हात पेट्रोल फुगते, हेही इथे सांगायला हवे. जमिनीखालच्या थंड हौदातून आलेले ४० लिटर पेट्रोल १० अंशांनी तापले, तर ते सुमारे ४०० मिलिलिटरने वाढते. म्हणजे दोन फुलपात्री. माझ्या ‘अजून मावते बघ’ या हौसेने टाकीत त्यांना जागाच ठेवली नव्हती. ते चढले नळीत, आणि नळीने ते रांगोळीशेजारी सोडले.

नळी काढायची तर आधी पेट्रोल कमी करायला हवे. मी उत्साहाने म्हणालो, “पाईप आणा, तोंडाने ओढून देतो.” मिस्त्री रागावले. पेट्रोलचा एक घोट चुकून श्वासनळीत उतरला तर फुप्फुसे जळतात. त्यांच्या हाताखालचा एक मुलगा त्यापायी दवाखान्यात पडला होता. त्यांनी हातपंप आणला, उघड्यावर, पत्र्याच्या झाकणबंद डब्यात पेट्रोल काढले, आणि त्या वेळात कुणाला मोबाईलसुद्धा काढू दिला नाही.

नळी निघाली. वरून ती ठणठणीत दिसत होती. मिस्त्रींनी ती वाकवली मात्र, आणि टाचेला थंडीत पडतात तशा भेगा उघडल्या. “आतून बघा,” ते म्हणाले. आतले रबर फुगून भुसभुशीत झाले होते.

याला वयाबरोबर आणखी एक कारण असते. आपल्या पेट्रोलमध्ये आता इथेनॉल असते, म्हणजे मुख्यतः उसापासून आणि धान्यापासून केलेले मद्यार्क. २००३ साली काही राज्यांत ५ टक्क्यांपासून ही सुरुवात झाली. फेब्रुवारी २०२३ मध्ये २० टक्क्यांचे पेट्रोल निवडक पंपांवर आले आणि २०२५ पर्यंत ते देशभर पोचले. देशाचे तेल वाचते, ऊसवाल्यालाही चार पैसे मिळतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण जुन्या गाड्यांचे रबर त्या काळच्या पेट्रोलसाठी केलेले, त्याला हे पेय मानवत नाही. ते फुगते, मऊ पडते, कुठे कडक होऊन तडकते. म्हणून जुन्या मोटारीच्या मालकाने पेट्रोलच्या सगळ्या नळ्या एकदा तरी इथेनॉलला टिकणाऱ्या घ्याव्यात. दुकानदार पुढे करील ती साधी पाण्याची नळी चालत नाही.

मी विचारले, “तात्पुरता साबण चोळला तर?” जुने ड्रायव्हर टाकीच्या भेगेवर साबण लावत असत, हे ऐकून होतो. मिस्त्री म्हणाले, “साबण गॅरेजपर्यंत पोचायला. नाशिकला जायला नाही.” कुर्ल्याहून नळी आणली. तिच्याबरोबर दोन्ही क्लिपा नव्या, झाकणाचे वायसर नवे, आणि इंजिनाकडच्या रबरी नळ्याही बदलल्या, कारण एकाच वयाच्या भावंडांपैकी एक आजारी पडले की बाकीच्यांचीही नाडी पाहावी. नळीची किंमत सांगू? मिठाईच्या एका बऱ्याशा डब्याइतकी. एवढ्यासाठी मी तीन आठवडे निशिगंध हुंगत बसलो होतो.

गळती थांबली तरी वास लगेच जात नाही. डिकीतला नमदा पेट्रोल प्यायला होता. तो काढून, घरात न आणता, गच्चीवर एका कोपऱ्यात उन्हा-वाऱ्यात दोन दिवस टांगला, मग साबणाच्या पाण्याने धुतला. गाडीची दारे उघडी ठेवली. अत्तराची कुपी काढून टाकली. तिसऱ्या दिवशी मिस्त्रींनी टाकी पुन्हा भरायला लावली, पण बेताची, आणि खाली रात्रभर स्वच्छ पुठ्ठा पसरायला सांगितला. सकाळी पुठ्ठा कोरा होता. पण अखेरचा शिक्का त्यांच्या मते पुठ्ठ्याचा नव्हता. ते म्हणाले, “वहिनींना बसवून बघा.”

ज्यांची मोटार नवी आहे त्यांनी ‘हे जुन्या डबड्याचे पुराण आपल्याला काय कामाचे’ असे म्हणून पान उलटू नये. नव्या गाडीत टाकीची वाफ शोषून घ्यायला कोळशाची एक डबी असते. पंपाची नळी आपोआप बंद झाल्यावरही हट्टाने आणखी लिटरभर कोंबले, तर पेट्रोल त्या डबीत शिरते, ती निकामी होते आणि वास सुरू होतो. नव्या गाडीत तर इंजिनाकडच्या नळ्यांत पेट्रोल चांगल्या दाबाने असते. तिथे फट पडली तर थेंब पडत नाही, फवारा उडतो. तेव्हा नळी आपोआप थांबली की आपणही थांबावे. वास सतत येत असेल, किंवा खाली ओल दिसली, तर गाडी सुरू न करता मिस्त्रीलाच घरी बोलवावे. आणि गाडीत आग विझवायचे छोटे पावडरचे नळकांडे ठेवावे. पेट्रोलच्या आगीवर पाणी ओतू नये.

भाऊबीजेच्या पहाटे आम्ही नाशिकला निघालो. सौ. शेजारी बसली, काच वर केली, डोळे मिटून एक दीर्घ श्वास घेतला. मी गाडी सुरू न करता वाट पाहात होतो. परीक्षेच्या निकालालाही माझे असे झाले नव्हते.

“कसला वास येतोय?” मी विचारले.

तिने पिशवीतून कागदात गुंडाळलेली निशिगंधाची दोन देठे काढली आणि माझ्यासमोर काचेजवळ ठेवली.

“तुम्ही म्हणत होता तोच,” ती म्हणाली. “निघा आता. कसाऱ्याच्या घाटात ऊन व्हायच्या आत पोचू.”

फाटकाशी छकुली उभी होती. हातात पेटलेली फुलबाजी होती. आमची गाडी पुढे जाईपर्यंत तिने ती अंगापासून लांब धरली, आणि मग वाकून गाडीच्या खाली पाहिले. या वर्षीही ती रोज पाहाते. मी तिला तशी सवय लावली आहे.